तळाला हात

कोकिळा गायला बसली की मांडवातला पंखासुद्धा आवाज न करता फिरतो, असं उरणकडच्या त्या गावात म्हणतात. म्हणणारी माणसं तिच्या माहेरची आहेत हे खरं, पण गोष्ट अगदीच खोटी नाही. कोकिळा धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. भटजी आले, बँजो आला, डीजे आला, तरी धवलारीण बसल्याशिवाय आजही हळद लागत नाही. कोकिळाने ही विद्या आईकडून घेतली आणि तिच्याबरोबर आईची सवयही घेतली. उजवा हात कानावर, डोळे घट्ट मिटलेले, आणि पहिला शब्द फुटायच्या आधी घशातल्या घशात एक लांबलचक हुंकार. तेवढा हुंकार झाला की छातीतली धडधड बसते. मग समोर अख्खं गाव असलं तरी हरकत नाही.

तर अशाच एका हळदीत, दोन गाण्यांच्या मधे चहा आला तेव्हा तिच्या लेकीने, अमिषाने, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अंदमानातलं एक बेट. पाठीवर टाकी बांधून माणसं पाण्याखाली जात होती आणि रंगीत माशांमधून फिरून हसत वर येत होती. कोकिळाने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"मना बी जायाचा हाय," ती म्हणाली.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिच्या बापाचं मिठागर होतं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, यातच तिचं लहानपण गेलं. समुद्र तिला ठाऊक होता तो घोट्याएवढा. भाऊ खाडीत उड्या मारायचे, पोरींना मात्र काठावर कपडे सांभाळायचं काम. एवढं पाणी शेजारी असून त्याच्या आत काय आहे ते आपण कधी पाहिलंच नाही, ही रुखरुख तिला होती आणि ती कुणी विचारली नव्हती.

तिचा नवरा काळूराम त्या वेळी नेमका माईक धरून उभा होता. हळदीत काळूरामच्या हातात माईक गेला की तो परत मिळवायला दोन माणसं लागतात. माणूस तसा मायाळू, बंदरावर स्वतःचा ट्रेलर चालवतो, दारूला शिवत नाही, पण चारचौघांत बायकोची फिरकी घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"आयका रं!" तो माईकवरून गरजला. "आमची कोकिला समिंदरान उतरनार! न्हानीतल्या बादलीला भिते ही!"

मांडव खदखदला. त्याची बहीण गोदू तर हसता हसता खुर्चीवरून घसरली. कोकिळा उठली, नवऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि धवल्याच्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "जानार. आनि तलाला हात लावल्याबिगर परत येनार नाय."

बोलून गेली. आता अख्खं गाव साक्षीदार.

काळूरामला माघार घेता येईना. अमिषाने पावसाळा संपता संपता सेलमधली विमानाची तिकिटं शोधली, मग बोट, मग खोली. खोली स्वतः काळूरामने पसंत केली. हॅवलॉक बेटावरच्या बाजारामागे, पंख्याची, खिडकी उघडली की शेजारच्या कोंबड्या दिसणारी. "समिंदरान तर उतराचाच हाय, मग समिंदरासमोरची खोली कनाला?" असा त्याचा हिशेब होता, आणि त्यात खोट काढणं कठीण होतं. कोकिळाने सामानात तांदळाचं पीठ आणि सुका जवळा घेतला होता. विमानतळावर बॅग फिरत आली तेव्हा पट्ट्याभोवतीची माणसं चार पावलं मागे सरली, त्यामुळे त्यांना बॅग पटकन मिळाली.

बेटावरचं ते गाव म्हणजे एक रस्ता, नारळीची झाडं, भाड्याच्या स्कूटर आणि जिकडेतिकडे डायव्हिंगच्या पाट्या. त्यांना जो शिकवणारा मिळाला त्याचं नाव सुजित. तिथेच जन्मलेला, उन्हाने रापलेला, बारीक, घाईत नसलेला तरुण माणूस. त्याने उथळ पाण्यात बसवून सगळं समजावलं. श्वास तोंडाने घ्यायचा, कधीही रोखायचा नाही. कानात दडे बसले की नाक दाबून हलकेच हवा सोडायची. बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. "और अंगठा ऊपर मतलब ऊपर जाना है, आंटी. मजा आया बताने के लिए अंगठा नहीं." काळूराम मान डोलवत होता. खाडीत पोहून मोठा झालेला माणूस, त्याला काय शिकवायचं?

प्रत्येकाबरोबर एक शिकवणारा असा नियम होता. काळूराम दुसऱ्याबरोबर गेला, कोकिळा सुजितबरोबर. सुजितने तिची टाकी मागून धरली आणि दोघं खाली जाऊ लागली.

पाणी डोक्यावर आलं आणि कोकिळाच्या काळजाने उडी घेतली. कानांत दाब, तोंडात रबर, स्वतःच्याच श्वासाचा घुर्रर घुर्रर आवाज. श्वास धावायला लागला. आता अंगठा वर करावा की काय, असं झालं. पण मोठ्या मांडवात पहिल्यांदा बसली होती तेव्हाही असंच झालं होतं, आणि त्यावरचा उपाय तिच्या अंगात मुरलेला होता. तिने डोळे मिटले, उजवा हात कानावर ठेवला आणि तोंडातल्या नळीतच लांबलचक हुंकार लावला.

लागू पडला. श्वास लांब झाला, धडधड बसली. तिने गणपतीला बोलावणारा धवला घशातच धरला, एक कडवं झालं, अंग हलकं झालं. आता डोळे उघडावे, असं तिने ठरवलं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तिला काखेत धरून वर ओढलं. डोळे उघडले ते उन्हात.

"बस आंटी, बस. कुछ नहीं हुआ, रोना नहीं," सुजित म्हणत होता.

कोकिळाला आधी कळेचना. मास्कमध्ये शिरलेल्या पाण्याने डोळे लाल, तोंडातून नळी निघाल्याने खोकला, त्यात नाक गळत होतं. त्या थाटात "मी रडत नव्हते" असं सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? तिने तोंड उघडलं तोवर किनाऱ्यावर उभा असलेला काळूराम पुढे आला. त्याचं आधीच उरकलं होतं आणि तो छाती काढून सगळ्यांना किती मासे पाहिले ते सांगत होता.

"क्या हुआ इनको?" दुसऱ्या शिकवणाऱ्याने विचारलं.

"डर गया वो," काळूरामने बायकोच्या वतीने उत्तर देऊन टाकलं. "घर में भी ऐसाच डरता है."

सुजितने समजावून सांगितलं, अगदी आदराने. आंटी कण्हत होत्या, डोळे मिटलेले होते, हात कानावर होता. पाण्याखाली हात कानावर म्हणजे कान दुखतोय. घाबरलेल्या माणसाला पुन्हा खाली न्यायचं नाही, असा त्यांच्या दुकानाचा नियम होता. फोटो मात्र चांगला आला होता, तो ते पाठवणार होते.

कोकिळा खोलीवर आली. रडली नव्हती, आता मात्र रडू यायला लागलं होतं. इतक्या दूर आली, पाण्याखाली गेली, आणि डोळे मिटून परत आली! पाहिलं काय, तर आपल्याच पापण्या. दोष कुणाला द्यायचा?

तेवढ्यात बाहेर काळूरामचा आवाज आला. बाजाराच्या त्या कोपऱ्यावर मोबाइलला रेंज येत होती आणि तो घरच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवत होता. "...अगं गोदू, आयक तरी! ही खाली गेली नि अशी रडाला लागली, अशी रडाला लागली, त्या मानसाने खेचून वर आनली!"

पाठोपाठ गोदूचं उत्तर आलं. आधी नुसतं हसणंच हसणं, मग, "वैनीला सांग, आता बादलीन बुडी मार!"

कोकिळाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला गाव पक्कं ठाऊक होतं. हळदीत एकदा का गोष्ट पडली की ती मरेपर्यंत पाठ सोडत नाही. बाबाजीमामाने तरुणपणी पंगतीत एकदा चुकून दुसऱ्याच्या ताटातले वडे खाल्ले, अजून त्याला 'वडेचोर' म्हणतात, आणि त्याला आता नातवंडं आहेत. उद्या ती गायला बसली, डोळे मिटले, हुंकार लावला, की पोरं म्हणणार, बघा, रडली! आईने दिलेल्या त्या हुंकाराची टिंगल होणार. हे तिला सोसवणारं नव्हतं. नवऱ्याने तिची खुशाल फिरकी घ्यावी, तिच्या गाण्याची नव्हे.

"तुमी काय सांगितलाव त्यांना?" ती दारात येऊन म्हणाली.

"मस्करी केली गो. सोड ना आता. उतरलीस, फोटो काढला, झाला की."

"नाय झाला," कोकिळा म्हणाली. चपला घातल्या आणि एकटीच रस्त्याला लागली.

सुजित दुकानाच्या पायरीवर बसून मास्क धूत होता. ऊन कललं होतं. आंटीला एकटं येताना पाहून तो उठला, पाणी दिलं, आणि तिने विचारायच्या आधीच नियम पुन्हा सांगितला. कोकिळाची हिंदी काळूरामच्या हिंदीपेक्षा बरी होती, कारण ती कमी बोलायची.

"मैं रो नहीं रही थी. गा रही थी," ती म्हणाली.

सुजित समजूतदारपणे हसला. असं पाण्याखाली गाणारं त्याच्याकडे आजवर कुणी आलं नसावं. घाबरलेली माणसं नंतर बरंच काही सांगतात, हे त्याला ठाऊक होतं.

मग कोकिळा टाक्यांच्या रांगेशेजारी त्या ओल्या पायरीवर बसली. उजवा हात कानावर गेला, डोळे मिटले आणि हुंकार निघाला. तो हुंकार ऐकताच सुजितच्या हातातला मास्क बादलीत पडला. पण कोकिळाला आता थांबायचं नव्हतं. हुंकारातून शब्द फुटले आणि तिने अख्खा धवला लावला. गणपतीला बोलावलं, गावदेवाला बोलावलं, डोंगराला, खाडीला, समुद्राला, सगळ्यांना हळदीला या म्हणून हाक घातली. समोरच्या स्कूटरवाल्याने इंजिन बंद केलं. दुकानातून दोन परदेशी मुली बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तिने डोळे उघडले तेव्हा सुजित कपाळाला हात लावून हसत होता.

"यही आवाज था! आंटी, यही था! मैं समझा आपका कान फट रहा है!" मग तो गंभीर झाला. "लेकिन आपने आँख बंद की. नीचे आँख बंद मत करो. आँख बंद हो तो मैं आपको कैसे समझूँ?"

ते खरंच होतं. कोकिळाने मान्य केलं. डोळे उघडे ठेवून ती जन्मात गायली नव्हती, पण तसं तिने सांगितलं नाही.

"सुबह आ जाओ," सुजित म्हणाला. "आपकी बोट दोपहर की है ना? सबसे पहले आपको ले जाऊँगा."

सकाळी काळूरामही आला. बायको एकटी उतरणार आणि आपण काठावर कपडे सांभाळणार, हे काही त्याला झेपलं नसतं. समुद्र अगदी निवांत होता. चौघंही एकदमच खाली निघाली, कोकिळा आणि सुजित, काळूराम आणि त्याचा शिकवणारा. मधे एक दोरी खाली गेलेली होती.

पाणी डोक्यावर आलं. काळजाने पुन्हा तीच उडी घेतली. कोकिळाचा हात सवयीने कानाकडे निघाला, तिने तो पोटाशी धरून ठेवला. पापण्या मिटायला धावत होत्या. तिने त्या उघड्या ठेवल्या, अगदी दुखेपर्यंत, आणि हुंकार लावला. आधी तो तुटक आला. उघड्या डोळ्यांनी गाणं म्हणजे भर रस्त्यात केस विंचरण्यासारखं, सगळं जग बघतंय असं वाटायचं. पण सुजित आज समोर होता, मागे नाही. तिच्या हुंकाराबरोबर तो बोटाने ताल धरत होता. तिला हसू आलं, मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, तिने शिकवल्याप्रमाणे नाकाने फुंकून काढलं, आणि पुढच्या श्वासाला धवला नीट लागला.

तेव्हा शेजारी गडबड झाली. काळूरामने दोरी दोन्ही हातांनी कवटाळली होती. खाडीत बुडी मारणारा माणूस, श्वास रोखायचा हीच त्याची पोहण्याची रीत. आता रोखू नको म्हटलं की छाती ऐकत नव्हती, कान खुलत नव्हता आणि डोळे मास्कभर झाले होते. त्याने अंगठा वर केला. पुन्हा केला. मग कोकिळाकडे हात लांब करून तो तिला बोलवू लागला. चल. तूही चल.

लग्नाला इतकी वर्षं झाली. तो उठला की ती उठत आली होती. जेवणावरून, पाहुण्यांकडून, मांडवातून. काळूरामला त्याच्या शिकवणाऱ्याने घट्ट धरलं होतं, त्याला धोका नव्हता, तेवढं तिने पाहून घेतलं. सुजितनेही तिच्याकडे पाहिलं आणि खुणेने विचारलं, वर?

कोकिळाने बोटांचं वर्तुळ दाखवलं. ठीक आहे. मग मूठ वळली आणि अंगठा सरळ खाली केला.

काळूराम बुडबुड्यांतून वर गेला, आणि कोकिळा खाली गेली.

काय काय होतं तिथे! प्रवाळाचे दगड होते, मिठाच्या राशींएवढे, पण जांभळे, पिवळे, हिरवे. त्यांच्या फटींतून बोटाएवढे निळे मासे एकदम बाहेर यायचे आणि एकदम आत जायचे. एक पोपटी मासा दगड कुरतडत होता आणि त्याचा कडकड आवाज तिला चक्क ऐकू येत होता. एका कपारीत चांगला थोराड गोबरा बसला होता. आजवर तिने गोबरा पाहिला तो बाजारात, बर्फावर. सवयीने तिने वाकून त्याचे कल्ले लाल आहेत का ते पाहिलं, मासा ताजा आहे की नाही ते! गोबऱ्यानेही तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंड मिटलं. बर्फावरच्या माशाने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. कोकिळाला इतका आनंद झाला की धवला मधेच सुटला, आणि सुटला तरी श्वास तसाच लांब चालू राहिला. आता तिला गाण्याच्या आधाराची गरज उरली नव्हती.

सुजितने तिला प्रवाळापासून दूर, मोकळ्या वाळूवर नेलं. तो वर थांबला, ती अलगद उतरली. आधी गुडघे टेकले, मग तिने दोन्ही तळहात पसरून वाळूवर ठेवले. वाळू गार होती. वरती, खूप वरती, ऊन थरथरत होतं, आणि तिच्या डोक्यावर सगळा समुद्र होता, आणि तो तिला काहीही करत नव्हता. मी आले, असं ती मनात म्हणाली. तिने हात तसेच ठेवले, सुजितने घड्याळ दाखवेपर्यंत.

ती पाण्यातून चालत बाहेर आली तेव्हा काळूराम गुडघाभर पाण्यात उभा होता. खांद्यावर टॉवेल, चेहरा उतरलेला. त्याने तिच्या पाठीवरची टाकी धरली, तिला दगडावर बसवलं.

"लावलास?" त्याने विचारलं.

"दोनी हात."

काळूरामने तिच्या टाकीचा पट्टा सोडवला. मग म्हणाला, "काल बी मी दोरी सोडली नव्हती गो. मासं बिसं काय नाय बगितलं. कान फुटाला आला नि वर पललो."

"मना काल सांगाचा होता ना मग," कोकिळा म्हणाली. तिला रागावायचं होतं, पण त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून राग काही टिकेना.

काळूरामने टॉवेलला हात पुसले आणि मोबाइल काढला. आज माईक धरावा तसा नाही, दोन्ही हातांनी धरला. "आयका रं सगल्यांनी," तो बोलू लागला. "काल मी सांगितला ते खोटा होता. भिऊन वर पलून आलो तो मी. काल बी नि आज बी. कोकिला रडत नव्हती, धवला गात होती. पान्याखाली! नि आता ती तलाला दोनी हात लावून आयली. गोदू, हसाचा आसंल त मना हस."

रेंज जेमतेम होती. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. दोघंही डोकं डोक्याला लावून त्या चक्राकडे बघत बसली. एकदाचं गेलं.

लगेच फोन वाजला. गोदू होती, आणि तिच्यामागे अमिषा, आणि बहुतेक निम्मं घर. "वैनी! खरा काय? काय होता खाली? सांग ना गो, काय होता?"

काळूरामचं तोंड सवयीने उघडलं, आणि त्याने ते मिटलं. "मी खाली नव्हतो," तो म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

कोकिळा उभी राहिली. अंगातून पाणी निथळत होतं, केस चिकटलेले होते, नाकावर मास्कचा लाल वळ होता. ती बोलू लागली, आणि तिचा तो मांडवभर पोहोचणारा आवाज किनाऱ्यावर पसरला. जांभळे दगड, निळे मासे, कडकड वाजणारे दात, कपारीतला गोबरा, त्याचे कल्ले. सुजितची पुढची गिऱ्हाइकं पट्टे बांधून तयार होती. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांच्यापैकी कुणालाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी बाईचं सांगून होईपर्यंत कुणी पाण्यात उतरलं नाही.